तेलावाचून डोनट

डोनट हा मूळचा तळणीतला पदार्थ असल्यामुळे तो घरच्या ओव्हनमध्ये भाजायला घेतला की, कढईतले तेल एका दमात जी चार-पाच कामे उरकत असते, त्यांना कोणी वाली उरत नाही. तेल उष्णता झपाट्याने पोहोचवते, पिठाच्या कड्याला काही क्षणांत साल धरायला लावते, आतला ओलावा आत कोंडते, पृष्ठभाग तुकतुकीत ठेवते आणि तळणीचा म्हणून जो वास ओळखला जातो तो वासही देते. पुण्या-मुंबईपासून नाशिक-कोल्हापूरपर्यंत घरच्या स्वयंपाकघरात केक, पाव, कुकीज करून विकणाऱ्या आणि बोलीत ज्यांना ‘होम बेकर’ म्हणतात त्या मंडळींच्या कामाकडे बारकाईने पाहिले, तर भाजलेल्या ग्लेझ्ड डोनटाची सारी खटपट या एकेका कामाला पर्याय शोधण्याची आहे, असे दिसून येते. त्यांतले काही पर्याय चोख निघतात, काही कामचलाऊ ठरतात आणि एका कामाला तर पर्यायच सापडत नाही.

या पदार्थाचा इतिहासही तेलकटच आहे. न्यूयॉर्कच्या परिसरात वसलेल्या डच लोकांनी पिठाचे गोड गोळे चरबीत तळण्याची रीत अमेरिकेत नेली आणि वॉशिंग्टन अर्व्हिंग या लेखकाने १८०९ साली प्रसिद्ध केलेल्या न्यूयॉर्कच्या विनोदी इतिहासात अशा गोळ्यांचा उल्लेख ‘डोनट’ या नावानेच आहे. मधल्या भोकाचे श्रेय हॅन्सन ग्रेगरी या अमेरिकी खलाशाने स्वतःकडे घेतले होते. १८४७ साली जहाजावर असताना, कडा शिजूनही मध्यभाग कच्चा राहतो हे पाहून आपण तो मध्यभागच काढून टाकला, असे तो म्हातारपणी सांगत असे. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवाभावी संस्थेच्या स्वयंसेविकांनी फ्रान्समधल्या अमेरिकी सैनिकांना डोनट तळून खाऊ घातले आणि १९३७ साली नॉर्थ कॅरोलायनातील विन्स्टन-सालेम येथे सुरू झालेल्या क्रिस्पी क्रीम या डोनट-कंपनीने यीस्टवर फुगवलेला, साखरेत न्हाणलेला मऊ डोनट घरोघरी नेला. या साऱ्या परंपरेत ओव्हनला कुठेही जागा नाही. म्हणूनच ओव्हनमधला डोनट हा तळलेल्याची सोवळी आवृत्ती न मानता स्वतंत्र जातीचा पदार्थ मानणे अधिक न्याय्य ठरते.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. बाजारात कड्याच्या आकाराचे साचे असलेले ट्रे मिळतात आणि बेकिंग पावडर घातलेले पातळ मिश्रण त्यांत ओतून अर्ध्या तासात ‘डोनट’ तयार करता येतात. ते चवीला वाईट नसतात, पण त्यांचा पोत केकचा असतो, आणि त्यांना डोनट म्हणायचे कारण केवळ साच्याचा आकार हेच उरते. प्रस्तुत विवेचन यीस्टवर फुगवलेल्या, लाटून कापलेल्या डोनटापुरते मर्यादित आहे, कारण खरी परीक्षा तिथेच होते.

तळताना १७५ ते १९० अंश सेल्सियस तापमानाचे तेल कड्याला थेट चिकटून असते आणि द्रव हा हवेपेक्षा कितीतरी वेगाने उष्णता देत असल्यामुळे एकेक बाजू सुमारे मिनिटभरात तयार होते. ओव्हनमध्ये तापमानाचा आकडा तोच असला तरी उष्णता मुख्यतः हवेतून आणि तापलेल्या कांबींच्या प्रारणातून, म्हणजे अंगावर पडणाऱ्या झळीतून येते. तिला त्याच कामासाठी नऊ-दहा मिनिटे लागतात आणि तेवढ्या वेळात पृष्ठभागातून पाणी उडत राहते. याचा सरळ अर्थ असा की तळणीसाठी केलेले पीठ जसेच्या तसे ओव्हनमध्ये घातले तर हाती कोरडा, जाड सालीचा पाव लागतो. त्यामुळे पर्यायांची सुरुवात ओव्हनपाशी न होता परातीपाशी होते.

पाणी टिकवून धरण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे मैदा आणि दूध १:५ या प्रमाणात मंद आचेवर ढवळत शिजवलेली खळ. तिला चिनी भाषेत ‘तांगझोंग’ म्हणतात आणि २००७ साली आलेल्या इव्होन चेन या तैवानी लेखिकेच्या पुस्तकामुळे ती पूर्व आशियातल्या घरगुती पावांमध्ये रूढ झाली. सुमारे ६५ अंशांना मैद्यातले स्टार्चचे कण फुगतात आणि एरवी जेवढे पाणी शोषतील त्याच्या कितीतरी पट धरून ठेवतात. हे पाणी बांधलेले असल्यामुळे पीठ हाताळता येण्याइतके घट्ट राहते आणि ओव्हनच्या कोरड्या हवेतही सहजासहजी सुकत नाही. एकूण ३०० ग्रॅम मैद्यापैकी २० ग्रॅम मैदा १०० मिलीलिटर दुधात असा शिजवून निववला, उरलेल्या मैद्यात ही खळ, आणखी ७० मिलीलिटर दूध, एक अंडे, ४५ ग्रॅम साखर, ५ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट आणि तेवढेच मीठ घातले आणि शेवटी ५० ग्रॅम लोणी मुरवले, की दहा-बारा डोनटांचा घाणा निघतो. यीस्ट हे जिवंत किण्व असल्यामुळे साखर याहून फार वाढवणे परवडत नाही. साखर पाणी ओढून घेते, यीस्टला ते कमी पडते आणि फुगणे मंदावते. गोडी ग्लेझमधून यायची असल्याने पिठात ती बेताचीच असलेली बरी.

हे पीठ मळताना रोजच्या पोळ्यांची सवय असलेला हात बिचकतो. पीठ बोटांना चिकटते, परातीला लपेटते, उचलले तर ओघळते, आणि अशा वेळी मूठभर मैदा भुरभुरावा ही ऊर्मी जवळजवळ प्रतिक्षिप्त असते. पण त्या मुठीबरोबर खळीने कमावलेला सगळा ओलावा गमावला जातो. याउलट ज्या हाताला पुरणपोळीची कणीक पाण्या-तेलाच्या हाताने तिंबायची सवय आहे, तो हात इथे लवकर रुळतो, कारण सैल पीठ मैदा न घालताच हळूहळू ताणदार होत जाते हे त्याला ठाऊक असते. मैद्यातली प्रथिने पाण्याच्या संगतीत मळली गेली की त्यांचे चिवट जाळे तयार होते, त्याला ग्लुटेन म्हणतात, आणि यीस्टने सोडलेला वायू याच जाळ्यात अडकतो. भारतीय मैद्यात शंभर ग्रॅममागे साधारण १० ते ११ ग्रॅम प्रथिने असतात, जी पावासाठी दळलेल्या परदेशी पिठापेक्षा कमी भरतात. म्हणून इथे मळण्यात कुचराई चालत नाही आणि हाताने मळायचे तर पंधरा मिनिटे खर्ची घालण्याची तयारी ठेवावी लागते.

लोणी घालण्याची वेळ हा त्यातला सर्वांत फसवा टप्पा आहे. शंकरपाळ्यांत किंवा करंजीच्या पारीत कडकडीत मोहन कोरड्या पिठालाच चोळले जाते, ते कणाकणाला वेढते, ग्लुटेनचे जाळे जुळू देत नाही आणि त्यातूनच खुसखुशीतपणा येतो. डोनटात हा क्रम उलटा करावा लागतो, म्हणजे आधी जाळे पुरते बांधून घ्यायचे आणि मगच मऊ लोणी थोडेथोडे करून घालायचे. ते घातल्याबरोबर तोवर एकजीव झालेला गोळा फाटतो, त्याचे निसरडे तुकडे परातीत एकमेकांवरून घसरू लागतात, तळहात माखतात आणि सगळे बिघडले अशी कोणाचीही खात्री पटावी असे दृश्य दिसते. तसेच मळत राहिले तर तीन-चार मिनिटांत लोणी आत मुरते, परात आपोआप स्वच्छ सुटते आणि गोळ्याला साटिनसारखी चकाकी येते. लिंबाएवढा तुकडा घेऊन बोटांनी चहूबाजूंनी ताणला असता तो न फाटता पातळ पडद्यासारखा पसरला आणि त्यातून पलीकडचा उजेड दिसला, की मळणे पुरे झाले असे समजतात.

महाराष्ट्रात घरून विक्री करणाऱ्यांना अंड्याचा प्रश्न टाळता येत नाही, कारण ऑर्डर देणाऱ्याचा पहिला प्रश्न बहुधा ‘एगलेस आहे ना?’ हाच असतो, आणि श्रावणात तर तो गृहीतच धरावा लागतो. बलकातले लेसिथिन स्निग्धांश आणि पाणी यांची सांगड घालते, तर पांढऱ्यातली प्रथिने आकार धरून ठेवतात. अंडे वगळले तर दुधाची पावडर, दोन चमचे घट्ट दही आणि जरा जास्त लोणी यांवर भागवता येते. असा डोनट त्याच दिवशी खाल्ला तर ग्लेझखाली फरक फारसा जाणवत नाही, दुसऱ्या दिवशी मात्र जाणवतो.

फुगवण्याच्या वेळा पुस्तकात तासांत दिलेल्या असतात आणि प्रत्यक्षात त्या ऋतूवर ठरतात. एप्रिलमधल्या पुण्याच्या स्वयंपाकघरात पीठ पाऊण तासाच्या आत दुप्पट होते आणि त्याला आंबूस वास सुटण्याचा धोका असतो. डिसेंबरच्या सकाळी तेच पीठ दोन तास हलत नाही. अनुभवी बेकर उन्हाळ्यात थंडगार दूध वापरतात आणि मळलेले पीठ रात्रभर फ्रिजमध्ये ठेवतात, ज्याचा दुहेरी फायदा होतो. एकतर सावकाश किण्वनाने चव खोल होते, आणि दुसरे म्हणजे गारठलेल्या लोण्यामुळे पीठ ताठ राहून ओट्यावर स्वच्छ कापले जाते. कापण्यासाठी कटर नसेल तर पेला आणि बाटलीचे झाकण पुरते, मात्र पेला सरळ दाबून उचलावा लागतो; तो पिळून फिरवला तर कड चिमटली जाते आणि डोनट एका अंगाला कलून फुगतो.

भोकाचा आकार हा ओव्हनमुळे बदलणारा आणखी एक तपशील होय. तेलात कडे पडताच साल आवळते आणि भोक तेवढेच राहते, पण ओव्हनमध्ये पहिली काही मिनिटे पीठ मऊ असते आणि आतून फुगत असते, त्यामुळे लहान भोक बुजून त्याची बेंबी होते. आठ सेंटिमीटरच्या कड्याला तीन सेंटिमीटरचे भोक ठेवले तर ते टिकते. काटेकोरपणे पाहिले तर भाजलेल्या डोनटाला भोकाची गरजच नाही, कारण तेवढ्या जाडीचा बन मध्यापर्यंत व्यवस्थित भाजला जातो. ग्रेगरीची अडचण ओव्हनमध्ये उद्भवतच नाही. तरीही भोक काढतात, कारण त्यावाचून खाणारा त्या पदार्थाला डोनट मानायला तयार होत नाही.

आपल्याकडील घरगुती ओव्हन म्हणजे बहुतेक वेळा ओटीजी, अर्थात वर-खाली तापणाऱ्या कांबी असलेली, भाजणे, टोस्ट करणे आणि ग्रिल करणे अशी तिन्ही कामे करणारी विजेची पेटी. तिला पंधरा अँपिअरचा पॉवर पॉइंट लागतो आणि तो ओट्यापाशी मोकळा नसल्यामुळे ती अनेक घरांत जेवणाच्या टेबलाशेजारी किंवा बंद केलेल्या गॅलरीत वस्तीला असते. तिच्या बटणावरचा आकडा आणि आतले खरे तापमान यांत वीस अंशांची तफावत असणे मुळीच दुर्मिळ नाही, म्हणून आत टांगायचा स्वतंत्र तापमापक हे या कामातले सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित साधन ठरते. तापल्याची खूण देणारा दिवा विझला तरी तेव्हा फक्त हवा तापलेली असते, पत्र्याच्या भिंती नसतात. दार उघडताच ती हवा निघून जाते आणि पारा धाडकन खाली येतो. दिवा विझल्यावर आणखी दहा मिनिटे थांबणे यासाठीच गरजेचे असते. कापून निघालेल्या भोकांचे छोटे गोळे आधी आत टाकून पाहण्याची रीत मोठी शहाणपणाची आहे, कारण पाच-सहा मिनिटांत ते त्या दिवशीचा ओव्हनचा स्वभाव सांगून टाकतात: कोणता कोपरा जास्त तापतो, खालची कांब किती उग्र आहे आणि ट्रे एक खाच खाली सरकवावा लागेल की नाही.

१९० अंशांवर नऊ ते अकरा मिनिटे, मध्येच एकदा ट्रे फिरवून, इतकेच भाजणे पुरते. येथे तळलेल्या डोनटाची आठवण सर्वांत जास्त दगा देते. तळलेला डोनट गडद तांबूस असतो आणि त्याच्या कमरेभोवती, तो तेलावर तरंगत असल्यामुळे, फिकट पट्टा राहतो. तोच तांबूस रंग ओव्हनमध्ये यावा म्हणून वाट पाहिली तर रंग येईपर्यंत डोनटाचा टोस्ट झालेला असतो. वरची बाजू नुसती पिवळसर सोनेरी झाली, तळ बदामी दिसू लागला आणि सुईच्या तापमापकाने आत ८८ ते ९० अंश दाखवले की तो बाहेर काढलाच पाहिजे. रंगाच्या हव्यासाला आवर घालणे हे या कामातले सर्वांत अवघड कौशल्य असून ते हात बसल्याशिवाय येत नाही.

बाहेर काढताक्षणी, वाफ निघत असतानाच, प्रत्येक कड्याला ब्रशने वितळलेले लोणी लावतात, आणि हा तेलाला सापडलेला सर्वांत चोख पर्याय म्हणावा लागेल. लोण्याच्या त्या पातळ थरामुळे तोवर कडकपणाकडे झुकणारी साल मऊ पडते, आतली वाफ पटकन निसटत नाही आणि वरून येणाऱ्या ग्लेझचे पाणी थेट सालीत झिरपत नाही. तळलेल्या डोनटाच्या पृष्ठभागावर तेलाचा लेप आपसूक असतो. भाजलेल्याला तो न दिल्यास ग्लेझ शोषले जाऊन वर डाग उरतात आणि खाली साल गिळगिळीत होते.

ग्लेझ म्हणजे आयसिंग शुगर दुधात कालवून केलेला, वाळल्यावर पातळ कवच धरणारा लेप. तो पाक नव्हे, कारण तो उकळला जात नाही आणि त्याला तार काढावी लागत नाही. २०० ग्रॅम आयसिंग शुगर, तीन मोठे चमचे कोमट दूध, २५ ग्रॅम वितळलेले लोणी, व्हॅनिला आणि चिमूटभर मीठ एवढे पुरते. घरी मिक्सरवर दळलेली पिठीसाखर चालते असे म्हणणारे पुष्कळ असले तरी तिचे कण जाडसर राहतात, ते थोड्या दुधात पुरते विरघळत नाहीत आणि जिभेला कचकच लागते. वापरायचीच तर ती तलम कापडातून गाळून घ्यावी. बुडवण्याची वेळही निकालावर परिणाम करते. डोनट कडकडीत गरम असेल तर साखर वितळून ओघळते आणि थर जवळजवळ पारदर्शक होतो, पुरता गार असेल तर थर जाड, पांढरा आणि अपारदर्शक बसतो, तर हाताला सोसेल इतका कोमट असताना तो समतोल बसतो. मग जाळीवर पंधरा-वीस मिनिटे ठेवले असता पाणी उडते, साखर अगदी बारीक स्फटिकांच्या रूपात पुन्हा घट्ट होते आणि बोट लावल्यावर चिकटत नाही असे कवच तयार होते.

हे वेळापत्रक जूननंतर कोलमडते. साखर हवेतली आर्द्रता ओढून घेत असल्यामुळे मुंबईत किंवा कोकणात ऐन पावसात ग्लेझ वाळतच नाही, आणि वाळले तरी डब्यात बंद केल्यावर तासाभरात त्याला घाम फुटतो. दूध कमी करणे, जाळी पंख्याखाली ठेवणे आणि डोनट पुरते निवल्याशिवाय डबा बंद न करणे हे त्यावरचे उपाय आहेत. त्यांतला शेवटचा सोडून बाकीच्यांचा भरवसा कोसळत्या पावसात फारसा धरता येत नाही.

ज्या कामाला पर्याय सापडत नाही असे आरंभी म्हटले, ते तळणीच्या वासाचे. पिठात जायफळ किसून घातले तर तिकडे थोडेफार जाता येते, कारण अमेरिकी डोनटात जायफळ पूर्वापार पडत आले आहे आणि पुरण-श्रीखंडामुळे मराठी जिभेलाही ते परके नाही. लोणी खमंग, तांबूस होईपर्यंत कढवून ब्रशने लावले तर आणखी एक पाऊल पडते. एवढे करूनही गरम तेलातून निघालेल्या सालीचा वास त्यात नसतो, आणि तो असल्याचा आव आणण्यापेक्षा मेन्यूकार्डावर स्वच्छपणे ‘बेक्ड’ लिहिणारे बेकर शहाणे म्हणायचे.

मात्र त्याच शब्दाला ‘हेल्दी’ची जोड देण्याची जी प्रथा पडली आहे, ती अर्धवट सत्यावर उभी आहे. तळलेल्या ग्लेझ्ड डोनटाच्या वजनात साधारण पाचवा हिस्सा किंवा थोडा अधिक स्निग्धांश असतो आणि वर दिलेल्या प्रमाणाने भाजलेल्यात तो बराच कमी भरतो, हे खरे. परंतु ग्लेझ दोघांनाही सारखेच लागते, आणि एका डोनटावर बसणारी पंधरा-अठरा ग्रॅम साखर म्हणजे जवळपास चार चहाचे चमचे होतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत वरून घातलेली साखर एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांखाली आणि शक्यतो पाच टक्क्यांखाली ठेवावी असे सुचवले आहे; पाच टक्के म्हणजे दिवसाला साधारण २५ ग्रॅम. तेव्हा तेल टाळल्याच्या समाधानात दुसरा डोनट उचलणाऱ्याने हिशेबात काही कमावलेले नसते.

विक्रीच्या दृष्टीने खरी मर्यादा टिकाऊपणाची आहे. भाजताना फुगलेला स्टार्च गार झाल्यावर पुन्हा आवळून स्फटिकरूप घेऊ लागतो, पाणी बाहेर टाकतो आणि पदार्थ शिळा लागतो. ही क्रिया फ्रिजच्या तापमानाला सर्वांत वेगाने होते. खळ आणि लोणी तिला लांबवतात, थांबवू शकत नाहीत. म्हणून जाणते बेकर रात्री पीठ फ्रिजमध्ये ठेवून पहाटे कापतात, आठच्या सुमारास ग्लेझ करतात आणि दुपारच्या आत डबे पोहोचते करतात. वाढदिवसाची ऑर्डर संध्याकाळची असेल तर सारे वेळापत्रक सहा तास पुढे ढकलतात. ग्लेझ न केलेली कडी मात्र डीप फ्रीझरमध्ये चांगली राहतात, कारण तितक्या थंडीत स्टार्चची ती क्रिया जवळपास थांबते. डब्यावर ‘आजच खावे, फ्रिजमध्ये ठेवू नये, उरल्यास मायक्रोवेव्हमध्ये दहा सेकंद गरम करावे’ अशी चिठ्ठी लावण्याचा प्रघात आहे. ती चिठ्ठी वाचूनही अनेक घरांत डबा रात्री फ्रिजमध्येच जातो आणि सकाळी फोन येतो की डोनट कडक झाले आहेत.